समाधानकारक कारण सांगता आले नाही

"हात पुढे कर," मी म्हणालो.

पाच नंबरने उजवा हात पुढे केला. मी त्याच्या मनगटाभोवती पांढऱ्या पट्टीचे दोन वेढे दिले आणि गाठ आतल्या बाजूला घेतली. त्याच्याआधी चौघांच्या मनगटांवर तशीच पट्टी, तसेच दोन वेढे, तशीच गाठ झाली होती. पट्ट्या मी घरून फाडून आणल्या होत्या. जुन्या धोतराच्या, दोन बोटं रुंद, सगळ्या सारख्या.

"साहेब, मंगलाष्टकं आत्ता म्हणायची की पट्ट्या बांधून झाल्यावर?" कुंभोजकर मास्तरांनी विचारलं. ते हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे आणि त्या दिवशी माझे पंच होते. रांगेतले दोघंतिघं हसले. पाच नंबरही हसला.

१९८४ सालचा फेब्रुवारी महिना होता. जिल्ह्याच्या तुरुंगातलं मागचं आवार, सकाळचे अकरा वीस. मी तालुक्याचा नायब तहसीलदार होतो आणि ओळख परेड घेण्याचं काम त्या तीन वर्षांत बहुतेक माझ्याकडेच येत असे. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा जणांत उभं करायचं आणि साक्षीदाराला म्हणायचं, यातला कोण तो दाखव. त्या सहा जणांना डमी म्हणतात. पोलिसांनी नजरेच्या टप्प्यातसुद्धा थांबायचं नाही. आरोपीने हवी तिथे जागा घ्यायची. साक्षीदाराने खांद्यावर हात ठेवून माणूस दाखवायचा आणि घडलं ते मी लिहायचं.

माझ्या परेडी कोर्टात टिकत. त्याचं एक कारण असं, की मी केसचे कागद कधी वाचत नसे. गुन्ह्याचा क्रमांक आणि कलम एवढंच मला माहीत असे. कागदांत काय आहे ते कळलं की परेड घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटतं आणि साक्षीदार तो चेहरा वाचतो, असं माझं मत होतं.

दुसरं कारण म्हणजे डमी. जेलर मुल्लांनी त्या सकाळी पंधरा कच्चे कैदी माझ्यापुढे आणले होते. मी नऊ जण परत पाठवले.

"साहेब, पोरीला स्थळ बघतानासुद्धा कुणी एवढं बघत नाही," मुल्ला म्हणाले.

"स्थळ चुकलं तर सोडचिठ्ठी होते. इथे फाशी होऊ शकते."

"मग ह्याला घ्या. विलासचा सख्खा भाऊ शोभेल." त्यांनी सायकलचोरीत पाच आठवड्यांपूर्वी आत आलेल्या एका माणसाला पुढे केलं.

विलास म्हणजे आरोपी. तिशीचा, सावळा, रुंद खांद्यांचा ऊसतोड्या. त्याच्या उजव्या मनगटावर कोयत्याचा जुना वण होता. खुणेवरून ओळखलं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून मी सगळ्यांच्याच मनगटांना पट्ट्या बांधत होतो. सायकलवाला खरोखरच त्याच्या भावासारखा होता. यादीत त्याचा क्रमांक पाच आला. पट्टी बांधताना त्याच्याही मनगटावर, अंगठ्याच्या खाली, एक वण मला दिसला. अर्धगोल, नवा, गुलाबी.

"हे काय?"

"सायकलची चेन, साहेब."

याहून चांगला डमी मला मिळाला नसता. मनात समाधान झालं, ते मला स्वच्छ आठवतं.

विलास दोन आणि तीन नंबरच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. मी साक्षीदाराला बोलावलं.

तान्हूबाई लवटे. साठीच्या आसपासची, ठेंगणी, मेंढपाळाची बायको. हिरवट लुगडं, मोकळं कपाळ. मी नेहमीची वाक्यं म्हटली. ज्याला तुम्ही त्या दिवशी पाहिलं तो इथे असला तर दाखवा, नसला तर नाही म्हणा, घाई नाही.

ती रांगेपुढून एकदा भराभर चालत गेली, बाजारात जनावरं बघत जावं तशी. मग परत फिरली. विलाससमोर थांबली. त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे.

"सायेब, ही फडकी सोडाया सांगा की."

"नाही, बाई. सगळ्यांना सारखंच आहे."

"सारखंच हाय म्हनूनच म्हंते."

"नियम आहे तो."

ती पुढे सरकली. तीन झाला, चार झाला. पाच नंबरसमोर उभी राहिली आणि तिने पदर तोंडावर दाबला. मी घड्याळ बघत होतो. अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. मग तिने उजवा हात उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. सबंध पंजा.

"ह्योच."

"आयला, मी तर नुस्ता हुबा हाय, मावशी," पाच नंबर म्हणाला आणि हसला. बाकीचेही हसले. हसला नाही तो विलास. त्याचे डोळे भरून आले होते. पाच नंबरच्या कपाळावर घाम होता. उन्हात सगळ्यांनाच होता, म्हणून मी तो लिहिला नाही.

"कशावरून ओळखलंत?" फॉर्मवर तो रकाना होता.

"दात आंबले माजे."

"काय?"

"ह्याच्याम्होरं आले आन् दात आंबले, सायेब. चिच खाल्ल्यावानी."

मास्तरांनी रुमाल तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं.

"चेहऱ्यावरून ओळखलंत? उंचीवरून?"

"ते समद्यांचं तुमी येकसारखं करून ठिवलंय. दातास्नी कळलं. आनि काय सांगू?"

मी लिहिलं : साक्षीदाराने आरोपीस ओळखले नाही. आरोपीऐवजी डमी क्रमांक पाच यास हात लावला. ओळखण्याचे कारण विचारता समाधानकारक कारण सांगता आले नाही.

कोणाला काय वाटलं ते लिहायचं नाही, काय घडलं ते लिहायचं, हे मी नव्या कारकुनांना सात वर्षं शिकवत होतो. दात आंबणं ही वाटण्यातली गोष्ट होती.

पंचनामा वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "सांगितलं की म्या कारन."

"ते कारण होत नाही, बाई."

तिने अंगठा उठवला.

तुरुंगाच्या दाराबाहेर फौजदार इंगवले जीपला टेकून उभे होते. पंचनाम्याची प्रत त्यांनी उभ्याउभ्या वाचली, घडी केली आणि तान्हूबाईकडे गेले.

"काय केलंस गं म्हातारे हे? भलत्यालाच हात लावलास. सायकलचोर आहे तो. महिनाभर मी रान तुडवून माणूस आणतो आणि तू दोन मिनिटांत सोडून मोकळी होतेस."

"पर त्योच..."

"सरकारी कागदावर आलंय, तो नाही म्हणून. संपलं आता."

ती माझ्याकडे आली. मी सायकलचं कुलूप काढत होतो.

"सायेब, त्यो न्हवं का?"

"बाई, झालं तेवढंच मी लिहिलंय."

"म्हंजी माजंच चुकलं."

तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "माणसाची चूक होते. अशा वेळी आपल्याला आतून जे वाटतं, त्यावर फार भरवसा ठेवू नये."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्या पोराला वंगाळ वाटलं आसंल. चारचौघांत हात लावला म्या."

पुढे विलास सुटल्याचं कळलं. ती केस माझ्यापुरती संपली होती.

चौदा महिन्यांनी, एप्रिलातल्या एका दुपारी पावणेतीन वाजता, तान्हूबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. मी टपालावर शिक्के मारत होतो. तिला मी ओळखलं नाही. तिने तिचं नाव सांगितलं तेव्हा आठवलं.

"बसा. काय काम काढलंत?"

ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली. "त्यो आला हुता वाड्यावर."

वाडा म्हणजे त्यांचा मेंढ्यांचा वाडा, गावाबाहेर माळावर.

"कोण?"

"ज्याच्यावर म्या हात ठिवला त्यो. दिवाळीच्या मागनं आला. रामराम केला. म्हनला, मावशी, वळखलं का? तुमी हात लावला आन् जेलात समदी पोरं मला खुनी म्हनाय लागली."

"कशाला आला होता?"

"बगाया. मला आजून वळखू येतो का न्हाय ते बगाया. आता कळतंय मला. तवा वाटलं, बिचारा मनाला लावून घिऊन आलाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दात आंबले, सायेब. तवढेच. वाईच जास्तीच. म्हनलं, गप बस तान्हे, सायबांनी सांगितलंय, आतल्यावर भरवसा ठिवायचा न्हाय. बसाया टाकलं. भाकरी दिली, दूद दिलं. भाकरी घ्याया हात फुडं केला आन् बाही वर सरली. माज्या दातांची वळ हुती."

"तुमच्या दातांची?"

"म्या चावले हुते की त्याला. धन्याच्या डोस्क्यात दगड घातला आन् माजं त्वांड दाबून धरलं, तवा. रगत येवस्तवर सोडलं न्हाय. फौजदारानं लिवून घेतलंय की समदं. तुमी वाचलं न्हाय?"

"नाही," मी म्हणालो. "मी वाचत नसतो."

"हितं," ती म्हणाली आणि डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून दाखवलं. अंगठ्याच्या खाली. "हा माजा वरला दात तिरका हाय, बगा. तसाच हुता वन. तिरका."

शिक्का माझ्या हातात होता. खालच्या पाकिटावर तो कधी टेकला ते मला कळलं नाही. नंतर पाहिलं तर शाई पसरून पत्ता झाकला गेला होता. मला दिसत होती ती पट्टी. दोन बोटं रुंद. दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला. तो गुलाबी वण मी बोटभर अंतरावरून पाहिला होता, मनात खूश झालो होतो आणि माझ्या हाताने झाकला होता.

"तुम्ही त्याला विचारलंत? वण कसला म्हणून?"

"इचारलं. म्हनला, कुत्रं चावलं."

"आणि तुम्हाला पटलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी न समजण्यासारखं बोललो होतो.

"न्हाय कसं पटंल? कागदावर तुमी लिवलं हुतं ना, त्यो न्हवं म्हनून. माजा आंगठा हाय त्येच्यावर." मग म्हणाली, "हात जोडले म्या त्याला. म्हनलं, बाबा, माज्यानं पाप झालं, चांगल्या मानसावर आळ घेतला. त्यो म्हनला, जाऊ द्या मावशी. गारठा लई हुता. जाताना धन्याची घोंगडी दिली त्याला."

कचेरीत टाइपरायटर चालू होता. कोणीतरी चहा आला का म्हणून विचारत होतं.

"ही सगळी हकीकत तुम्हाला आत्ता का सांगावीशी वाटली?"

"गेल्या म्हयन्यात धरला त्याला. दुसरीकडं दरोड्यात. पोलिसास्नी त्यानं समदं सांगितलं, लवट्याला बी म्याच मारला म्हनून. त्ये घोंगडी घिऊन आले वाड्यावर. म्हनले, वळखा, चोरीची हाय. म्हनलं, माज्या धन्याचीच हाय, पर चोरीची न्हाय. म्याच दिली." ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. "आता केस हुभी ऱ्हानार. वकील म्हनला, सायेबास्नी बोलावतील. तुमी येवढंच सांगा, म्या तवाच वळखलं हुतं आन् दातांचं बी बोलले हुते."

"सांगेन," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी कपाटातून पंचनाम्याची कार्यालयीन प्रत काढली. तीन पानं, एकही खाडाखोड नव्हती. तारीख, वेळ, उन्हाची दिशा, सात जणांची उंची इंचांत. पट्टीची रुंदीसुद्धा होती. डमींच्या खुणांसाठी रकाना नव्हता, म्हणून पाच नंबरचा वण नव्हता. तान्हूबाईचे शब्द नव्हते. साक्षीदार बोलली ही घडलेली गोष्ट होती, मी माझ्या कानांनी ऐकलेली, आणि ती काढून टाकून मी तिथे माझं मत लिहिलं होतं.

केस पुढच्या वर्षी चालली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, त्यामुळे ती बाजूला पडली. घोंगडी बाईने स्वतः दिलेली, तिचा उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, वण दातांचा असू शकेल, कोणाच्या दातांचा ते इतक्या काळाने सांगता येणार नाही. राहिला माझा पंचनामा आणि मी.

सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं. दात आंबल्याचं सांगितलं, वण पाहिल्याचं सांगितलं. मग बचावाचे वकील उठले. शांत, वयस्क गृहस्थ होते.

"पंचनामा तुमच्या अक्षरात आहे?"

"हो."

"त्याच वेळी, त्याच जागी लिहिलेला?"

"हो."

"आपण आजवर किती ओळख परेडी घेतल्यात?"

"एक्केचाळीस."

"त्यातल्या एकाही पंचनाम्यात महत्त्वाची गोष्ट सुटल्याचं कोर्टाने म्हटलंय?"

"नाही."

"यात लिहिलंय, समाधानकारक कारण सांगता आले नाही. दातांचा उल्लेख कुठे आहे का?"

"नाही."

"वणाचा?"

"नाही."

"मग हे दोन्ही घडलं, असं आज आपण कशाच्या आधारावर सांगता?"

"मला आठवतं."

"आठवतं," ते म्हणाले. "म्हणजे कागदावर नाही, पण आपल्याला आतून वाटतं."

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. ते लिहून घेत होते. काय लिहीत होते ते मला माहीत होतं. त्यांच्या जागी मी असतो, तर तेच लिहिलं असतं.

कुंभोजकर मास्तरांना दातांचं काही आठवत नव्हतं. साक्षीत ते म्हणाले, त्या दिवशी मंगलाष्टकांवरून काहीतरी विनोद झाला होता एवढं नक्की.

आरोपीच्या पिंजऱ्यात पाच नंबर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उभा होता. मनगटाची बटणं लावलेली.

निकाल मे महिन्यात लागला. तान्हूबाई आत बसली होती, पण निकाल इंग्रजीत वाचला गेला. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात पळाले होते. मी बाहेर आलो तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर होती. मी शेजारी बसलो.

"सुटला व्हय?"

"या केसमधून सुटला. संशयाचा फायदा दिला. दरोड्यात सात वर्षं झालीत, ती भोगायचीच आहेत."

"ती दुसऱ्या कुनाची."

"हो."

"माज्या धन्याची न्हाय."

"नाही."

ती समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिली. त्याखाली बैलगाड्या सोडल्या होत्या.

"त्यो इलास सुटला, ते बरं झालं," ती म्हणाली. "त्येला फुकाचा लटकावला आसता."

ती माझ्याकडे वळली.

"तुमी सांगितलं न्हवं का, दातांचं?"

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, समाधानकारक कारण नाही."

तिने मान हलवली, तुरुंगाच्या दारात हलवली होती तशीच. मग पिशवी उचलली आणि उठायला लागली. बाक बुटका होता, तिचे गुडघे धरले होते. तिने उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. सबंध पंजा.

लिहायचंच झालं तर एवढं लिहिता येईल. बाईंनी उठताना आधारासाठी माझ्या डाव्या खांद्यावर उजवा हात ठेवला. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटे. त्या कोणताही शब्द बोलल्या नाहीत.

उठून उभी राहिल्यावरही तिने हात लगेच काढला नाही. कारण मी विचारलं नाही.